पदवीधर तरुण आणि संस्थेचा कारभार





यंदा पदवी मिळविलेल्या मुलामुलींचा आज येथे सत्कार झाला. जाफराबाद, भोकरदनपासून परतूर, मंठ्यापर्यंत आपल्या जालना जिल्ह्याच्या सर्व तालुक्यांतून तुम्ही आला आहात. कित्येकांच्या घरातील ही पहिलीच पदवी आहे. आता गावी गेल्यावर लोक म्हणतील, "पोरगं शिकलं, त्याला कमिटीत घ्या." विहाराची समिती असेल, वसतिगृह चालविणारी संस्था असेल, अभ्यासिका असेल. तुम्हाला सदस्य करतील, कदाचित एकदम सचिवही करतील. त्या दिवसासाठी चार गोष्टी सांगाव्यात म्हणून मी उभा आहे.

पदवीनंतर संस्थेत काम करण्याची वाट आपल्याला बाबासाहेबांनी दाखविली. 1923 साली ते लंडनहून परतले. हाती परदेशातील मोठमोठ्या पदव्या होत्या. पुढच्याच वर्षी, 20 जुलै 1924 रोजी, मुंबईत बहिष्कृत हितकारिणी सभेची स्थापना झाली. अध्यक्ष सर चिमणलाल सेटलवाड होते. व्यवस्थापक मंडळाचे अध्यक्षपद, म्हणजे रोजच्या कारभाराची जबाबदारी, तेहतीस वर्षांच्या बाबासाहेबांनी घेतली. सचिव सीताराम नामदेव शिवतरकर आणि कोषाध्यक्ष निवृत्ती तुळशीराम जाधव होते. सभा 1860 च्या कायद्याखाली रीतसर नोंदविली गेली. 1925 च्या जानेवारीत सोलापूरला तिचे वसतिगृह सुरू झाले. पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि तिच्याच औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात 1950 पासून आपल्या मराठवाड्यातील पोरे शिकू लागली. चळवळ मोर्च्यातून उभी राहते हे खरेच, पण ती टिकते ती ठरावाच्या वहीवर आणि हिशेबाच्या कीर्दीवर.

आता माझी चूक सांगतो. पदवी घेतल्यावर दुसऱ्याच वर्षी मला एका संस्थेच्या कार्यकारिणीत घेतले. मला मोठा अभिमान वाटला. सभेची वही यायची, वडीलधारे म्हणायचे, "बाळा, इथं सही कर," आणि मी सही करायचो. पुढे अध्यक्ष आणि कोषाध्यक्ष वर्षभरात दोघेही वारले. आम्ही नवे पदाधिकारी निवडले, हारतुरे झाले, पण हा बदल धर्मादाय कार्यालयात कोणी कळविलाच नाही. बँकेने नोंदीप्रमाणे सह्या मागितल्या. त्या सह्यांची माणसे या जगात नव्हती. खात्यात पैसा होता आणि काढता येत नव्हता. मुलींच्या वसतिगृहाचे भाडे थकले आणि जूनमध्ये घरमालकाने कुलूप लावले. 11 मुली ट्रंका घेऊन गावी परतल्या. त्यांतील दोघींची लग्ने दिवाळीच्या आत लावून दिली गेली.

मित्रांनो, त्या संस्थेत कोणी एक पैसाही खाल्ला नव्हता. सगळी माणसे प्रामाणिक होती. परंतु नव्या निवडीच्या इतिवृत्तावर माझी सही होती, मी पदवीधर होतो, आणि "पुढे काय करावे लागते?" हा एक प्रश्न मी विचारला नाही. त्या दोन मुलींचे शिक्षण माझ्या न विचारलेल्या प्रश्नामुळे थांबले, असे मी आजही मानतो.

म्हणून समितीत गेल्यावर पहिल्या महिन्यात चार कागद मागून वाचा. संस्थेची घटना, धर्मादाय कार्यालयातील अनुसूची एकचा उतारा, इतिवृत्ताची वही आणि शेवटचा लेखापरीक्षण अहवाल. घटनेत कोरम किती, मुदत किती वर्षांची, सभेची सूचना किती दिवस आधी द्यायची, हे लिहिलेले असते. विश्वस्तांत बदल झाला की 90 दिवसांच्या आत बदल अर्ज, ज्याला आपण चेंज रिपोर्ट म्हणतो, तो दाखल करावा लागतो. संस्थेची जमीन विकायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. हे सारे 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्यात आहे. वाचता येणाऱ्याला ते अवघड नाही.

पैशाबाबत एवढेच सांगेन. आलेल्या प्रत्येक रुपयाला पावती आणि गेलेल्या प्रत्येक रुपयाला व्हाउचर हवे. वर्गणी एक दिवससुद्धा स्वतःच्या पैशात मिसळू नका. आपण रोज पंचशील घेतो. त्यातले दुसरे शील, न दिलेले न घेण्याचे, कीर्दीच्या पानावरही पाळायचे असते.

काही तरुण म्हणतात, प्रश्न विचारला की जुनी माणसे रागावतात. रागावतीलही. हिशेब तोंडपाठ ठेवून, पोटाला चिमटा घेऊन त्यांनी विहारे बांधली. त्यांच्यापुढे कायद्याचे पुस्तक आपटू नका. "दादा, मला शिकवा, ही रक्कम कशी लिहिली?" असे विचारा. तथागतांनी वज्जींच्या अभिवृद्धीची कारणे सांगितली, त्यांत वारंवार एकत्र जमणे, एकोप्याने बसणे, एकोप्याने उठणे आणि वृद्धांचा मान राखणे ही आहेत. आणि भिक्खुसंघाला ठराव, गणपूर्ती, मतमोजणी हे नियम ठाऊक होते, याची आठवण बाबासाहेबांनी 25 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान सभेत करून दिली. तेव्हा सभेत नियमाने प्रश्न विचारणे हा उद्धटपणा नव्हे, ती आपलीच परंपरा आहे.

मुलींनो, तुम्हालाही आग्रहाने सांगतो. वसतिगृह मुलींचे आणि समितीत एकही बाई नाही, असे दिसले तर तुम्ही पुढे या. कुलूप लागल्यावर काय होते हे तुमच्याइतके कोणाला कळणार?

नोकरीसाठी पुण्या-मुंबईला जाल, जरूर जा. पण गावच्या संस्थेचे सदस्यत्व घेतले असेल तर सभेला या. येणे जमत नसेल तर लेखी राजीनामा द्या, जागा अडवू नका. सत्कारात मिळालेल्या पेनाने उद्या कुठल्यातरी वहीवर सही कराल. सही करण्यापूर्वी वरचा मजकूर वाचा, एवढीच माझी विनंती आहे.



नमो बुद्धाय. जय भीम.