वितळलेला रक्तद्रव आणि शीतकपाटाची मर्यादा

(मंडळाच्या डोंगरी येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



मंडळाने आरोग्यविषयक चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, याबद्दल आम्ही ऋणी आहोत. आम्ही डॉक्टर नव्हे. परंतु एका प्रसंगाने आम्हांस या विषयाचे विद्यार्थी केले. तो प्रसंग आधी सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या घरची एक बाळंतीण अतिरक्तस्रावाने अत्यवस्थ झाली. डोंगरीहून भाईंदर आणि तेथून शहरातील मोठे रुग्णालय, असा प्रवास झाला. डॉक्टरांनी रक्तद्रवाच्या, म्हणजे प्लाझ्माच्या, चार पिशव्या मागविल्या. दोन दिल्यावर रक्त थांबले. उरलेल्या दोन पुन्हा गोठवून ठेवाव्यात, असा हट्ट आम्ही धरला. ते शक्य नाही, असे उत्तर मिळाले. तिसऱ्या दिवशी पुन्हा रक्तस्राव सुरू झाला, तेव्हा जुन्या पिशव्या टाकून नव्या आणावयास सांगितले. आमचा समज झाला की, ही पैसे उकळण्याची युक्ती आहे. आम्ही तावातावाने भांडलो आणि त्या भांडणात मोलाचा वेळ गेला. ईश्वरकृपेने सून वाचली. मागाहून रक्तपेढीतील एका जाणकाराने शांतपणे समजावून सांगितले, तेव्हा आम्हांस आमचीच लाज वाटली.

रक्तातील पेशी वेगळ्या काढल्यावर जो पिवळसर द्रव उरतो, तो रक्तद्रव. जखमेतून वाहणारे रक्त साखळविणारी अनेक प्रथिने त्यात असतात. शास्त्रज्ञांनी त्यांतील बहुतेकांना क्रमांक दिले आहेत. दात्याने रक्त दिल्यावर सहा ते आठ तासांच्या आत हा द्रव वेगळा करून गोठवितात. उणे 30 अंश सेल्सियस वा त्याहून अधिक थंडीत तो एक वर्षपर्यंत टिकतो, कारण त्या थंडीत प्रथिनांची झीज जवळजवळ थांबते. रुग्णास देण्यापूर्वी पिशवी सुमारे 37 अंशांच्या कोमट पाण्यात वीस ते तीस मिनिटे ठेवून वितळवितात.

वितळलेली पिशवी 2 ते 6 अंशांच्या शीतकपाटात ठेवली, तर झीज मंदावते, थांबत नाही. शिवाय सर्व घटक सारखे झिजत नाहीत. आठवा घटक सर्वांत नाजूक. पाच दिवसांत त्याचा सुमारे एक तृतीयांश ते दोन पंचमांश भाग निकामी होतो, आणि त्यातील बरीचशी घट पहिल्या चोवीस तासांतच होते. पाचवा आणि सातवा घटक सुमारे एक पंचमांशाने उतरतात. उलट, ज्यापासून रक्ताच्या गुठळीचे जाळे विणले जाते ते फायब्रिनोजेन, तसेच दुसरा, नववा आणि दहावा हे घटक पुष्कळसे टिकून राहतात. पिशवी पाहून मात्र यातले काहीच ओळखता येत नाही.

उत्तन-डोंगरीच्या किनाऱ्यावरील माणसास ही गोष्ट निराळी सांगावयास नको. बर्फातली मासळी एकदा उघडी पडून मऊ झाली की, पुन्हा कितीही बर्फ घाला, ती ताजी होत नाही. बर्फ पुढची नासाडी लांबवितो. झालेली भरून काढीत नाही.

म्हणून आपल्याकडील शिस्त अशी की, वितळलेला रक्तद्रव शक्य तितक्या लवकर द्यावा. थांबावेच लागले तर शीतकपाटात ठेवून चोवीस तासांच्या आत वापरावा. आणि पुन्हा कदापि गोठवू नये. अमेरिकेत मोठ्या अपघाती रुग्णालयांत तो पाच दिवसपर्यंत तयार ठेवतात. तेथे वितळविण्याची अर्धी घटकाही जिवावर बेतू शकते, आणि कमी झालेले घटकही बहुतेक जखमींस पुरे पडतात. पण ज्याच्या रक्तात मुळात आठवा घटकच उणा आहे, त्या हिमोफिलियाच्या रुग्णास अशा शिळ्या पिशवीचा भरवसा नाही.

थंडीचा आणखी एक गुण ऐकण्याजोगा आहे. गोठलेला रक्तद्रव सावकाश थंडीतच वितळविला, तर तळाशी पांढरट साका बसतो. त्यात आठवा घटक आणि फायब्रिनोजेन भरपूर असते, हे अमेरिकेतील ज्युडिथ पूल या विदुषीने दाखविले. 1964 साली तिने या साक्यापासून औषध तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. हिमोफिलियाच्या असंख्य मुलांस त्याने आधार दिला. थंडी तीच, तिचा उपयोग कसा करावा, हे ज्ञानावर अवलंबून असते.

आता कुटुंबांना आमची तीन मागणी. डॉक्टर सांगतील तेव्हाच रक्तद्रव वितळवू द्यावा. उगाच घाई करून अधिक पिशव्या वितळवून घेऊ नयेत. हाती दिलेली पिशवी वाटेत कोठेही न थांबता रुग्णापाशी पोहोचवावी. घरच्या शीतकपाटात वा मासळीच्या बर्फात ठेवू नये. आणि पिशवी टाकून दिलेली पाहून संतापण्यापूर्वी कारण विचारावे.

चौथी गोष्ट मागणी नव्हे, कर्तव्य होय. हा द्रव कोणत्याही कारखान्यात बनत नाही. तो माणसाच्या शिरेतूनच येतो. वाया गेलेल्या त्या दोन पिशव्या दोन अनोळखी दात्यांनी दिल्या होत्या. त्यांचे ऋण फेडण्याचा मार्ग एकच. मंडळाच्या रक्तदान शिबिरात आम्ही दरवर्षी हात पुढे करतो, आपणही करावा.