पाड्यावरचा पडदा



११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात डॉ. आंबेडकरांच्या पुतळ्याची विटंबना झाली म्हणून लोक रस्त्यावर आले आणि पोलिसांनी गोळीबार केला. १० माणसं गेली. त्या दुःखात शाहीर विलास घोगरे यांनी जीव दिला. आनंद पटवर्धन यांनी तेव्हापासून १४ वर्षं चित्रीकरण केलं आणि २०११ साली ‘जय भीम कॉम्रेड’ पुरा केला. चित्रपट तीन तासांहून मोठा. तो वस्त्यावस्त्यांत दाखवला गेला. ज्यांची ती गोष्ट, तीच माणसं पडद्यासमोर बसली.

असा पडदा आपल्या जामसरला लागला पाहिजे. हक्कांचा इतिहास या डोंगरांतही घडला आहे. लग्नासाठी सावकाराचं कर्ज घेतलं की नवराबायको दोघंही त्याच्याकडे राबायची. त्याला लग्नगडी म्हणत. २३ मे १९४५ रोजी झरी गावी वारली जमले आणि वेठ करायची नाही असं ठरलं. १० ऑक्टोबरला तलवाड्यात गोळीबार होऊन ५ जण मेले. गोदावरी परुळेकरांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’मध्ये हा लढा लिहिला. पण ज्या आजीला वाचता येत नाही, तिच्यापर्यंत पुस्तक कसं पोचणार?

घरातली वेठ सांगायला म्हातारी माणसं संकोचतात. दुसऱ्या वस्तीतली बाई पडद्यावर आपलं दुःख उघड सांगताना दिसली की हा संकोच सैल होतो. म्हणून चित्रपट संपल्यावर ‘कसा वाटला?’ हे विचारू नका. ‘तुमचा आजा कोणाकडे राबला? हा उतार पहिल्यांदा कोणी कसला?’ असं विचारा, आणि मग गप्प बसून ऐका. त्या वेळी पाहुण्याचं भाषण नको, माझंही नको.

ऐकलेलं लिहून घ्या. वनहक्क कायद्याच्या २००८च्या नियमांत जमिनीच्या दाव्यासाठी लागणाऱ्या पुराव्यांची यादी आहे. तिच्यात गावातल्या वडीलधाऱ्यांचा लेखी जबाब हाही एक पुरावा मानला आहे. सांगणारा स्वतः दावेदार नसावा आणि जोडीला दुसरा पुरावा हवा, एवढं सांभाळा. १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून जमीन कोण कसत होतं, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं ती माणसं आज आपल्यात आहेत. त्यांच्या आठवणीवर एखाद्या घराची जमीन ठरू शकते. एखादी आजी न बोलता गेली, तर तो पुरावाही तिच्याबरोबर जातो.

वेळ मात्र नीट निवडा. दिवाळीनंतर अर्धा पाडा वीटभट्टीवर असतो, तेव्हा रिकाम्या अंगणात पडदा लावून काय उपयोग? आता माणसं परतली आहेत. पाऊस पडला की सगळी आवणीत गुंततील. मधल्या या थोड्या दिवसांत एक चादर, एक प्रोजेक्टर आणि लिहिणारी दोन पोरं एवढं जमवा. पहिला पडदा कोणत्या पाड्यावर लावायचा, ते आज इथून उठायच्या आधी ठरवा.