घरची दुरुस्ती आणि घरची अवजारे
(शेतकऱ्यांसाठीच्या नभोवाणी कार्यक्रमातील भाषण)



आज आपण पिकाबद्दल, खताबद्दल बोलणार नाही. आज बोलायचं आहे ते घरातल्या हातोडीबद्दल, पान्याबद्दल आणि गोठ्याच्या जमिनीबद्दल. विषय साधा वाटेल. पण ऐन पेरणीत कुदळीचा दांडा निघाला किंवा गाभण गाय गोठ्यात घसरून पडली, म्हणजे या साध्या विषयाची किंमत कळते.

पूर्वी गावात सुतार होता, लोहार होता. वर्षाचं बलुतं द्यायचं आणि दांडा बसवणं, फाळ शेवटणं, विळ्याला धार काढणं ही कामं त्यांनी करायची. आता ती घडी राहिली नाही. आपल्या वाघोलीचंच पाहा. हवेली तालुक्यातलं हे दगडखाणींचं गाव. नगर रस्त्याला इमारती झाल्या आणि 2021 साली गाव पुणे महापालिकेत गेलं. तरी आसपासच्या शिवारात शेती आहे, गोठे आहेत. मिस्त्रीला मात्र शहरात एवढं काम आहे, की आपल्या गोठ्याच्या चार हात फरशीसाठी त्याला सवड होत नाही. म्हणून घरचं थोडं काम घरच्या माणसांना यायला हवं आणि त्यासाठी लागतील तेवढीच, पण चांगली अवजारं घरात हवीत.

आधी काम, मग अवजार

दुकानात गेलं की एकाच डब्यात शंभर नग भरलेले सेट दिसतात. डबा चकचकीत, किंमतही फार नाही. पण त्यातले दहा नग कामाचे आणि बाकीचे डब्यातच गंजायचे. त्यापेक्षा घरी बसून एका कागदावर लिहा, की गेल्या वर्षभरात कोणकोणती कामं अडली. दार घासत होतं, नळ गळत होता, फवाऱ्याचा बोल्ट निघाला, खुरप्यांचे दांडे ढिले झाले. या यादीवरून खरेदी करा.

दुकानदाराच्या बोलण्यावर जाऊ नका, अवजार हातात घेऊन पाहा. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी 1903 साली लोखंडी नांगर काढला, तेव्हा शेतकऱ्यांनी तो लगेच घेतला नाही. लोखंडामुळे जमीन नासेल, असंही बोललं गेलं. नांगर प्रत्यक्ष रानात चालताना पाहिला, मगच लोकांचा विश्वास बसला. त्यांची शंका चुकीची ठरली, पण पाहून घ्यायची सवय चुकीची नव्हती. ती आपण सोडू नये.

घरात काय असावं

साधारण शेतकऱ्याच्या घरी एवढी अवजारं पुरेत: अर्ध्या किलोची हातोडी, पक्कड, दोन चपटे आणि दोन फुलीचे पेचकस, दुतोंडी पान्यांचा सेट, लोखंड कापायची करवत, लाकडाची करवत, एक पटाशी, एक कानस, पाच मीटरचा टेप, गुण्या, ओळंबा आणि थापी. पहार, टिकाव, फावडं, घमेलं तर आपल्याकडे असतंच.

पान्यांबद्दल एक सांगतो. आजकालच्या यंत्रांना बहुतेक मिलिमीटरचे बोल्ट असतात. 10, 13, 17 आणि 19 मिलिमीटर ही मापं वारंवार लागतात. म्हणून 10-11, 12-13, 16-17 आणि 18-19 हे चार पाने आधी घ्या, बाकीचे सवडीने. जुन्या अवजारांना इंची बोल्ट असेल, तर मिलिमीटरचा पाना जबरदस्तीने लावू नका. बोल्टच्या कडा झिजतात आणि मग तो कापूनच काढावा लागतो.

लोखंड कापायच्या करवतीचं पातं बसवताना दात पुढच्या बाजूला करा, म्हणजे ढकलताना कापलं जाईल. पातळ पाइपाला बारीक दाताचं, इंचाला 24 दात असलेलं पातं घ्यावं. जाड सळईला 18 दातांचं चालतं. निदान तीन दात एका वेळी धातूवर टेकायला हवेत, नाहीतर दात तुटतात.

विकत घेताना

दांडा उभा धरून त्याच्या लाकडाच्या रेषा पाहा. रेषा दांड्याच्या लांबीने सरळ गेलेल्या हव्यात. आडव्या किंवा तिरक्या गेल्या असतील, तर तो दांडा तिथेच मोडणार. रंग चढवलेला दांडा शक्यतो घेऊ नका, कारण रंगाखाली गाठ आणि भेग लपते. दांडा घरी करायचा असेल तर बाभळीचं लाकूड चांगलं, पण ते पुरतं वाळलेलं हवं. ओलं लाकूड वाळल्यावर आकसतं आणि डोकं ढिलं होतं.

बरेच जण ढिली झालेली कुदळ रात्रभर पाण्यात ठेवतात. सकाळी ती घट्ट वाटते, पण ती फसवणूक असते. उन्हात लाकूड पुन्हा वाळतं आणि पहिल्यापेक्षा जास्त ढिलं होतं. समोर उभ्या असलेल्या माणसाच्या अंगावर कुदळीचं डोकं जातं ते असंच. लाकडाची किंवा लोखंडाची पाचर ठोकून दांडा पक्का करणे, हाच खरा उपाय.

विळा, पटाशी, कुऱ्हाड यांची परीक्षा त्यांना दिलेल्या पाण्यावर. धार लावताना पातं तापू देऊ नका, वरचेवर पाण्यात बुडवा. धारेवर निळसर रंग आला, की त्या जागेचं पाणी उतरलं असं समजा. मग ती धार टिकत नाही.

विजेवर चालणारी अवजारे

ड्रिल मशीन आणि ग्राइंडर आता खेड्यापाड्यांत पोचले आहेत. वर्षातून दोनदा लागणारं यंत्र प्रत्येकाने घेण्याची गरज नाही. चार घरांनी मिळून एक घ्यावं किंवा भाड्याने आणावं. हातोडी आणि पाने मात्र स्वतःचेच असावेत.

ग्राइंडरला जपा. चार इंची ग्राइंडरची चकती मिनिटाला दहा-अकरा हजार फेरे घेते. ती फुटली तर तुकडा गोळीसारखा येतो. म्हणून चकतीवरचं झाकण कधीही काढू नये. चकतीवर लिहिलेले फेरे यंत्राच्या फेऱ्यांपेक्षा कमी नसावेत. कापायच्या चकतीने बाजूने घासू नये. तडा गेलेली किंवा भिजलेली चकती टाकून द्यावी. आणि डोळ्यांवर चष्मा हवाच. दगड फोडताना, छिन्नी मारतानासुद्धा चष्मा लावा. आपल्याकडचा काळा दगड कठीण आहे, त्याची कपची उडते. चष्मा पुन्हा घेता येतो, डोळा घेता येत नाही. एका हातोडीवर दुसरी हातोडीही मारू नका, त्यांच्याही कपच्या उडतात.

गोठ्याची जमीन घरच्या घरी

आता एक काम प्रत्यक्ष करू. गोठ्यात मूत्र साचलं, की गोचीड-माश्या वाढतात, खुरं कुजतात, सड दुखावून कासदाह होण्याची भीती वाढते. याचं मूळ बहुधा जमिनीच्या उतारात असतं. उतार कमी पडला तर पाणी तुंबतं, जास्त झाला तर जनावर घसरतं. गव्हाणीकडून नालीकडे 40 ते 60 फुटांत 1 फूट, एवढा उतार बरोबर. म्हणजे 10 फूट लांबीला 2 ते 3 इंच.

हा उतार डोळ्यांनी धरता येत नाही. त्यासाठी महागडं यंत्रही नको. आठ-दहा मीटर पारदर्शक नळी आणा आणि तिच्यात पाणी भरा. आत हवेचा बुडबुडा राहू देऊ नका. गव्हाणीजवळ एक खुंटी आणि नालीजवळ एक खुंटी ठोका. नळीचं एकेक टोक एकेका खुंटीला धरा, दोन्ही तोंडं मोकळी ठेवा. पाणी स्थिर झालं, की दोन्हीकडे पाण्याच्या रेषेवर खूण करा. या दोन खुणा एका पातळीत आहेत. आता नालीकडच्या खुणेपासून 3 इंच खाली दुसरी खूण करा. वरच्या खुणेपासून या खालच्या खुणेपर्यंत दोरी ताणली, की तुमचा उतार तयार झाला. दोरीपासून सगळीकडे सारखं अंतर मोजत काम करत जायचं.

कोपरे काटकोनात आहेत का, हेही टेपने पाहता येतं. कोपऱ्यापासून एका बाजूला 3 फुटांवर आणि दुसऱ्या बाजूला 4 फुटांवर खूण करा. या दोन खुणांमधलं अंतर बरोबर 5 फूट भरलं, की कोपरा काटकोनात आहे.

जमीन उकरून मुरूम टाका, पाणी मारून धुमसाने चांगला बसवा. त्यावर 4 इंच काँक्रीट घाला. प्रमाण एक भाग सिमेंट, दोन भाग वाळू, चार भाग खडी. सिमेंटचं 50 किलोचं एक पोतं साधारण सव्वा घनफूट भरतं, म्हणून एका पोत्याला अडीच घनफूट वाळू आणि पाच घनफूट खडी. दोन जनावरांच्या 10 फूट बाय 12 फूट गोठ्याला सात-साडेसात पोती सिमेंट, 18 घनफूट वाळू आणि 36 घनफूट खडी धरून चाला. खडीचं गाव शेजारी असल्यावर वाहतूक वाचते, एवढा आपला फायदा.

पाणी बेताने घाला. एका पोत्याला 25 लिटरच्या आसपास पुरतं. माल पातळ केला तर थापायला सोपा जातो, पण वाळल्यावर कच्चा राहतो. वरून घोटून गुळगुळीत करू नका. ओलं असतानाच खराट्याने आडव्या रेघा ओढा, म्हणजे खूर घसरणार नाही. दुसऱ्या दिवसापासून निदान सात दिवस, जमल्यास दहा दिवस, गोणपाट टाकून ते ओलं ठेवा. तोवर जनावर आत बांधू नका. ओलं सिमेंट कातडी जाळतं, म्हणून अनवाणी पायांनी माल तुडवू नये.

कुठे थांबायचं

मंडळी, घरचं काम करणाऱ्याला आपण कुठे थांबायचं, हेही कळायला हवं. छपराची तुळई, विहिरीचं बांधकाम, गॅसची जोडणी आणि विजेच्या खांबावरचं काम, यांना आपण हात लावू नये.

घरात 230 व्होल्ट आणि पंपाला तीन फेजचे 415 व्होल्ट येतात. दोन्ही जीव घ्यायला पुरेसे आहेत. शेतीची वीज पाळीने येते आणि बऱ्याच स्टार्टरना ऑटो स्विच बसवलेला असतो. लाइट गेली म्हणून माणूस पंप उघडतो, तेवढ्यात वीज येते आणि पंप आपोआप सुरू होतो. म्हणून वीज गेलेली असली तरी आधी मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून खिशात ठेवा, ऑटो बंद करा, मगच पंपाजवळ जा. वायरिंगचं काम परवानाधारक वायरमनकडूनच करून घ्या. पक्कडीच्या दांड्यावर प्लास्टिक आहे म्हणून तिच्यावर विसंबू नका. ज्या पक्कडीवर व्होल्टचा आकडा छापलेला नसतो, तिचं प्लास्टिक नुसतं पकडीसाठी असतं. घराच्या मीटरजवळ 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवून घ्या. गळती झाली, की तो क्षणात वीज तोडतो. अर्थिंगही दरसाल तपासून घ्या.

शिकायचं कुठे

हे सारं पुस्तकात वाचून येत नाही, हाताने करून येतं. नगर रस्त्याने शिक्रापूरला जाऊन आत वळलं, की शिरूर तालुक्यातलं पाबळ लागतं. तिथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी 1983 साली विज्ञान आश्रम सुरू केला. शाळेत मागे पडलेली मुलंसुद्धा तिथे वेल्डिंग, बांधकाम, वीज, शेती ही कामं प्रत्यक्ष करून शिकली आणि त्यातून पोटापाण्याला लागली. काम करता करता शिकायचं, हाच तिथला धडा. तसा तो आपल्या अंगणातही गिरवता येईल. मुलाच्या हाती पाना द्या, मुलीच्याही द्या. घरातला नळ बहुतेक वेळा बाईच्या हाताखाली गळत असतो. मग वायसर बदलायला तिने कुणाची वाट का पाहावी?

शेवटी, अवजारांची निगा. काम झालं, की माती पुसावी, लोखंडाला तेलाचा हात फिरवावा आणि भिंतीवर एक फळी ठोकून प्रत्येक अवजार आपल्या खुंटीवर टांगावं. फळीवर अवजाराची आकृती खडूने काढून ठेवा. शेजाऱ्याने नेलेलं काय परत आलं नाही, ते न विचारताच दिसेल.

ध्यानात ठेवा

1. वर्षभरात अडलेल्या कामांची यादी करून मगच अवजार घ्या.
2. दांड्याच्या रेषा पाहा, ढिला दांडा पाचरीने पक्का करा.
3. ग्राइंडर, छिन्नी, घण चालवताना डोळ्यांवर चष्मा लावा.
4. गोठ्याला 10 फुटांत 2 ते 3 इंच उतार द्या, तो पाण्याच्या नळीने काढा.
5. वीज नसली तरी आधी मेन आणि ऑटो बंद करा.

या पावसाळ्याआधी गोठ्याचा उतार एकदा तपासून पाहा. बादलीभर पाणी गव्हाणीजवळ ओता. ते नालीपर्यंत न थांबता गेलं, तर ठीक आहे. मध्येच थांबलं, तर जिथे थांबलं तिथून कामाला सुरुवात करा.

रामराम.