रोजच्या जेवणाचा कंटाळा व त्यावर घरचा इलाज
[शेतकरी व कारागीर कुटुंबांच्या सभेत झालेले भाषण]



आहारावर चार शब्द बोलण्यास आपण मला उभे केले आहे. मी वैद्य नव्हे की पंडित नव्हे. धंद्याने सुतार. रंधा, वाकस आणि पटाशी यांखेरीज दुसरी विद्या मजजवळ नाही. पण या विषयात मी स्वतः ठेच खाल्लेली आहे, आणि ठेच लागलेल्याने मागून येणारास दगड दाखवावा, इतकाच माझा अधिकार.

काही वर्षांमागील गोष्ट. कामावरून घरी यावे, तो ताटात चपाती, बटाटा आणि पातळ वरण. दुसरे दिवशी वरण, बटाटा आणि चपाती. मी वैतागून ताट सरकवी आणि स्टँडावर जाऊन वडापाव खाई. पोरांनी माझा कित्ता गिरविला. त्यांना रोज पुड्यातील कुरकुरीत खाऊ लागू लागला. आम्हा तिघांचे उरलेले शिळेपाके माझी कारभारीण मिरचीच्या ठेच्याशी खाई आणि वर घोटभर चहा घेई. एके दिवशी पाण्याची घागर उचलताना तिला घेरी आली व ती पडली. डॉक्टरांनी रक्त तपासले. बायामाणसांच्या अंगी हिमोग्लोबिन बारा तरी असावे, ते तिच्या अंगी आठ भरले. घरी आल्यावर मी विचारले, “अगं, तुला बरे वाटत नव्हते तर बोलली का नाहीस?” ती म्हणाली, “तुम्हाला कंटाळा आला की तुम्ही ताट सरकवता. मी कुठं सरकवू?”

बंधूंनो, हा प्रश्न माझ्या एकट्याच्या घरचा नाही. सरकारने २०१९ ते २०२१ या काळात केलेल्या कुटुंब-आरोग्य पाहणीत आपल्या महाराष्ट्रातील १५ ते ४९ वर्षांच्या स्त्रियांपैकी शेकडा ५४ जणींना रक्तक्षय असल्याचे आढळले. म्हणजे या सभेत बसलेल्या दर दोन बायांमागे एकीला. जेवणाचा कंटाळा ही चैनीची तक्रार आहे असे कोणी म्हणू नये. कंटाळलेला माणूस पैसे बाहेर टाकतो, पोर निकस खाते, आणि घरची बाई सगळ्यांच्या मागून उरलेले खाते. कंटाळ्याची किंमत अशी तिघांकडून वसूल होते.

आता हा कंटाळा आला कोठून? आपल्या आजीच्या रांधण्यात ज्वारी, बाजरी, नाचणी, हुलगा, मटकी, जवस, कारळे, तीळ अशी दहा धान्ये फिरत असत. पुढे आपल्याला भाकरीची लाज वाटू लागली. पाहुणा आला की भाकरीची दुरडी आत आणि चपाती बाहेर! चपाती म्हणजे इभ्रत, भाकरी म्हणजे दारिद्र्य, अशी समजूत आपण करून घेतली. २०१३ च्या कायद्याने रेशनावर माणशी धान्याचा हक्क मिळाला. गरिबास तो मोठाच आधार आहे. पण ते धान्य बहुतकरून गहू आणि तांदूळ. पोट भरले, ताट मात्र एकसुरी झाले. इकडे २०२३ साल साऱ्या जगात भरड धान्याचे वर्ष म्हणून साजरे झाले, आणि जी भाकरी आपण लपविली तीच शहरातील हॉटेलवाल्याने ‘चुलीवरची’ अशी पाटी लावून विकली. आपल्या घरचे धन दुसऱ्याने ओळखावे आणि आपण त्याची लाज धरावी, हा कोठला न्याय?

माझे पहिले सांगणे असे की, धान्य न बदलताही ताट बदलता येते. एक ज्वारीच घ्या. तिची भाकरी होते. भरड काढून मिठाच्या पाण्यात शिजविली की कण्या होतात, त्यावर ताक ओतावे. पीठ रात्री ताकात भिजवून सकाळी शिजविले की आंबील. पिठात मेथी, लसूण, थोडे बेसन घालून थापले की धपाटे. पीठ भाजून कांद्यावर परतले, पाण्याचा हबका मारला की उकडपेंडी. लाह्या तर पोरे मुठी भरभरून खातात. एका पायलीत सहा पदार्थ झाले, आणि वाण्याकडे नवा पैसा गेला नाही.

दुसरे सांगणे, भाकरीला डाळीची जोड कधी तोडू नका. अंग बांधणारे जे सत्त्व धान्यात कमी पडते ते कडधान्यात असते, आणि कडधान्यात कमी पडते ते धान्यात. दोघे एका ताटात आले म्हणजे काम पुरे होते. खानदेशातील बाया ज्वारी-उडीद एकत्र दळून कळण्याची भाकरी करतात, त्यात हेच शहाणपण आहे. मटकी, मूग, हुलगा रात्री भिजवावेत, सकाळी फडक्यात बांधावेत. दुसरे दिवशी मोड येतात. मोड आले की कडधान्य पचावयास हलके होते आणि त्यातील लोह अंगी लागण्यास सोपे जाते. शिजविलेले पाणी ओतून देऊ नये. त्याचे कढण किंवा कटाची आमटी करावी.

हुलग्याला आपण बैलाचे खाणे म्हणून हिणवितो. अहो, त्यात शेकडा वीस भागांहून अधिक प्रथिन आहे! त्याचे शेंगोळे आमच्या घरी आता आठवड्यातून एकदा होतात. पाच माणसांस दोन वाट्या हुलग्याचे पीठ, अर्धी वाटी गव्हाचे पीठ. त्यात वाटलेला लसूण, जिरे, तिखट, हळद, मीठ घालून घट्ट मळावे. बोटाएवढ्या वळ्या करून त्यांची कडी जुळवावी. पातेल्यात लसणाची फोडणी करून सहा-सात वाट्या पाणी उकळावे आणि उकळत्या पाण्यात एकेक शेंगोळे सोडावे. वीसेक मिनिटांत ते शिजतात आणि रस आपोआप दाट होतो. भाकरी नको, भाजी नको. एका भांड्यात सबंध जेवण. पावसाळ्यात कामावरून भिजून आलेल्या माणसाला याहून गोड काय लागेल?

तिसरे सांगणे, ऋतू सांगतो तसे खा. पावसाळ्यात बांधावर तांदुळजा, घोळ, कुर्डू आपोआप उगवते. ज्या जाणत्या बाईला पाला ओळखतो तिला बरोबर न्यावे, अनोळखी पाला तोडू नये. हिवाळ्यात मेथी, चाकवत, करडई, हरभऱ्याचा पाला. भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि वांगे, गाजर, सोलाणे, पावटा यांची मिसळीची भाजी आपण करतो; ती वर्षातून एकदाच का? थंडी आहे तोवर दर आठवड्यास करावी. शंभर ग्रॅम बाजरीत सहा मिलिग्रॅमच्या आसपास लोह असते, पॉलिश तांदळात एकही भरत नाही. नाचणीत शंभर ग्रॅमला सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. वाढत्या पोरांच्या हाडांस तिची आंबील द्यावी. ताटात लिंबाची फोड असू द्या. ते पिळल्याने लोह अंगी लागते. पण जेवणावर लगेच चहा घेऊ नका, तो तेच लोह अडवितो. तासभर थांबा. आणि ज्यांना डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या दिल्या आहेत त्यांनी जेवण सुधारले म्हणून त्या सोडू नयेत.

आता खर्चाचे बोलू. दोन पोरांना रोज दहा-दहा रुपयांचा पुडा म्हणजे महिन्याला ६०० रुपये झाले. भाव गावागणिक कमीजास्त असतील, तरी तेवढ्यात चार-पाच किलो कडधान्य सहज येते. पोरांना खमंग हवे ना? शेंगदाणे, फुटाणे, ज्वारीच्या लाह्या तिखट-मीठ लावून डब्यात भरून ठेवा. घरात जवस, कारळे आणि शेंगदाणे अशा तीन चटण्या तीन बरण्यांत असल्या म्हणजे तीच भाकरी तीन दिवस तीन चवींची लागते.

शेवटचे सांगणे पुरुषमंडळींस आहे. हे ऐकून घरी जाल आणि “उद्या शेंगोळे कर” असे फर्मान सोडाल, तर माझे भाषण फुकट गेले. ती शेतात तुमच्याबरोबर राबते, चूल वेगळी सांभाळते, त्यावर हे नवे ओझे कशाला? रात्री कडधान्य निवडून भिजत घालणे, बांधावरची भाजी आणून खुडणे, लसूण सोलणे, गिरणीवर दळण नेणे, ही कामे पुरुषाने केल्यास त्याच्या मिशीला पीळ कमी पडत नाही. माझ्या हाताला रंध्याचे घट्टे आहेत. त्याच हातांनी मी आता शेंगोळे वळतो. पहिल्या दिवशी ते वाकडेतिकडे झाले आणि कारभारीण हसली. पुष्कळ दिवसांनी हसली.

आणि ताटे एकदम वाढा. सगळे एका पंगतीस बसा. तिच्या ताटात काय पडले आहे ते डोळ्यांनी पाहा. वर्षभराने तिचे रक्त पुन्हा तपासले तेव्हा ते अकराच्या वर गेले होते. गोळ्यांचाही त्यात वाटा आहे, पण गोळ्या संपल्यावरही ते खाली आले नाही. घरात आता ताट कोणी सरकवीत नाही.