निर्णयाच्या आधीचा वेळ



सिझेरियनचा विषय निघाला की चर्चा लगेच टक्केवारीवर येते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातलं प्रमाण २१.५ टक्के आलं. सरकारी रुग्णालयांत १४.३, खासगीत ४७.४. ही तफावत अस्वस्थ करणारीच आहे. पण कळा सुरू झालेल्या बाईला टेबलावर घेतलं ते नेमकं कधी, हे या आकड्यांतून कळत नाही. मला आज त्या 'कधी'विषयी बोलायचं आहे. घाईनं केलेलं सिझर आणि फार उशिरा केलेलं सिझर यांचं मूळ माझ्या मते एकच आहे : लेबर रूममध्ये बाईकडे बारकाईनं पाहणारं माणूस नसणं.

आधी घाईचं पाहू. १९५५ साली प्रसूतितज्ज्ञ फ्रीडमन यांनी मांडलेल्या प्रसूतीच्या प्रगतीच्या आलेखावर आपण सगळे डॉक्टर शिकलो. पिशवीचं तोंड चार सेंटिमीटर उघडलं की पुढे तासाला एक सेंटिमीटर, हे गणित हाताला बसलं. २०१० मध्ये झांग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बासष्ट हजारांहून अधिक प्रसूती तपासल्या, तेव्हा चारावरून पाचावर जायला काही जणींना सहा तासांहूनही अधिक वेळ लागतो आणि तरी त्या सुखरूप बाळंत होतात, असं दिसलं. जागतिक आरोग्य संघटनेनंही २०१८ मध्ये प्रसूतीच्या सक्रिय अवस्थेची सुरुवात पाच सेंटिमीटरला धरली. तरीही चार सेंटिमीटरवर 'प्रगती नाही' असा शेरा पडतो. बाळाचे ठोके उत्तम असताना अशा शेऱ्यावर घातलेला पहिला छेद पुढच्या खेपेला वार त्या व्रणात रुतण्याचा धोका मागे ठेवतो.

उशिराचं चित्र अधिक दारुण. पिशवीचं तोंड पूर्ण उघडलेलं, बाळाचं डोकं ओटीपोटात खोल रुतलेलं, गर्भाशयाचा खालचा भाग ताणून कागदासारखा पातळ झालेला. शस्त्रक्रिया करणाऱ्याचा हात डोक्याखाली शिरत नाही. जोर लावला की छेद कोपऱ्यातून फाटत थेट रक्तवाहिनीपर्यंत जातो. रक्तस्राव, मूत्राशयाला इजा, बाळाच्या कवटीला इजा, हे सगळं तिथेच घडतं. अशा सिझरनंतर पुढचं बाळ दिवस पूर्ण होण्याआधी जन्मण्याची शक्यताही वाढते. आपल्याच डॉ. पटवर्धनांनी १९५७ साली यावर वाट दाखवली : डोक्याच्या मागे न लागता आधी खांदे, मग धड, मग पाय काढायचे आणि शेवटी डोकं अलगद वर उचलायचं. ही पद्धत प्रत्येक निवासी डॉक्टरला आलीच पाहिजे. मात्र तिची गरज वारंवार पडत असेल, तर त्या वॉर्डात आदल्या चार तासांत काय झालं हे विचारायला हवं.

यावर कोणी म्हणेल, निर्णय झाल्यावर तीस मिनिटांत बाळ बाहेर काढलं की झालं. ब्रिटनमध्ये सतरा हजारांहून अधिक सिझेरियनांच्या पाहणीत (२००४) तीस मिनिटांच्या आत काढलेल्या बाळांना त्या घाईचा वेगळा फायदा दिसला नाही. पंचाहत्तर मिनिटांपलीकडे मात्र परिणाम बिघडले. नाळ खाली सरकली, गर्भाशय फाटलं, तर एकेक मिनिट मोलाचं, यात वाद नाही. इतर वेळी निर्णयानंतर धावपळ करून आधी गमावलेले तास भरून येत नाहीत. दुसरा आक्षेप अधिक खरा आहे : एका नर्सकडे पाच-सहा बाया, नातेवाइकांचा 'करूनच टाका' असा लकडा, वर कोर्टाची धास्ती. नर्सांची संख्या वाढली पाहिजे, ही मागणी आपण शासनाकडे आणि खासगी रुग्णालयांच्या मालकांकडे सारख्याच जोरानं केली पाहिजे. कोर्टाच्या धास्तीचं म्हणाल, तर वेळच्या वेळी भरलेला पार्टोग्राफ, म्हणजे प्रसूतीच्या प्रगतीचा आलेख, हाच डॉक्टरचा सर्वांत भक्कम साक्षीदार आहे. प्रसूती झाल्यावर एका बैठकीत रंगवलेला कागद कोणाच्याच कामाचा नाही.

म्हणून माझी तुम्हा सर्वांना विनंती आहे. पाच सेंटिमीटरच्या आत केलेलं आणि पूर्ण तोंड उघडल्यावर केलेलं, अशी दोन्ही प्रकारची सिझर दर महिन्याच्या बैठकीत, कोणालाही दोष न देता, आलेखासह तपासा. बाई घरी जाताना तिच्या कार्डावर फक्त 'सिझर' लिहू नका. किती सेंटिमीटरवर, डोकं कुठे असताना आणि कशासाठी, हे तिला कळेल अशा मराठीत लिहा. पुढच्या खेपेला ती कदाचित दुसऱ्याच गावी, दुसऱ्याच डॉक्टरपुढे असेल आणि तिच्या हातात तेवढंच कार्ड असेल.