पास, रांग आणि धीर



आज मला करमणुकीच्या बागांतील गर्दीविषयी आणि तेथे वर्षाचा पास काढून येणाऱ्या माणसांविषयी बोलायचे आहे. आंबोलीच्या पावसात राहणाऱ्या माणसाला ही उठाठेव कोणी सांगितली, असे आपल्याला वाटेल. आपल्याकडे करमणूक म्हणजे जत्रेतला पाळणा. तो दोन दिवस फिरतो आणि तिसऱ्या दिवशी गाड्यावर चढून पुढच्या गावी जातो. त्याचा कोणी पास काढीत नाही. तरीही हा विषय आपल्यापासून फार दूर नाही. तो थोडा लांबून सुरू करून आंबोलीच्या घाटापर्यंत आणतो.

१७ जुलै १९५५ रोजी अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात वॉल्ट डिस्ने यांनी आपली प्रसिद्ध बाग उघडली, डिस्नेलँड. पहिल्या दिवशी फक्त निमंत्रितांना प्रवेश होता. पण लोकांनी खोटी निमंत्रणे छापली आणि आत सुमारे २८,००० माणसे शिरली. ऊन असे होते की नुकतेच घातलेले डांबर मऊ पडले आणि बायकांच्या उंच टाचा त्यात रुतल्या. नळकाम करणाऱ्यांचा संप नुकताच झाला होता, त्यामुळे प्यायच्या पाण्याचे नळ कोरडे होते. पहिलाच दिवस आणि असा फजितीचा! तरी माणसे पुन्हा आली, आणि येतच राहिली.

पुढे त्या बागेने वर्षाचा पास काढला. एकदा पैसे भरा आणि वर्षभर या. येथे गंमत सुरू होते. दूरच्या गावाहून आयुष्यात एकदाच आलेला माणूस आणि शेजारच्या शहरातून दर आठवड्याला येणारा पासधारक एकाच रांगेत उभे राहतात. अधीर कोण व्हावा? हिशेबाने पाहिले तर एकदाच आलेला. त्याला आज पाळणा मिळाला नाही तर पुन्हा मिळणार नाही. पासवाल्याचे काय, आज नाही तर परवा. पण प्रत्यक्षात पुष्कळदा उलटे होते. एकदाच आलेला माणूस डोळे भरून पाहतो आणि रांगेला रांग समजतो. पासवाल्याने मात्र कधीतरी ऐन आडवारी, भर पावसात, ती बाग रिकामी पाहिलेली असते. त्या एका दिवसाशी तो रोजच्या दिवसाची तुलना करतो, आणि समोरची माणसे त्याला आपल्या अंगणात शिरलेली वाटू लागतात.

त्याला सरसकट दोष देता येत नाही, हेही सांगतो. २०२० साली महामारीमुळे ती बाग बंद पडली, आणि जानेवारी २०२१ मध्ये जुनी पास-योजनाच मोडीत निघाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये नवी योजना आली. पास असला तरी येण्याचा दिवस आधी नोंदवायचा, अशी तिच्यात अट होती. सगळ्यांत महागडा पास १,३९९ डॉलरचा. त्याला बंदीचे दिवस नाहीत, असे जाहीर केले होते. एका पासधारक बाईंनी काही दिवस नोंदवायला घेतले, तर पासवाल्यांसाठी जागा शिल्लक नाही असे उत्तर आले. सुट्या तिकिटांची विक्री मात्र त्याच दिवसांसाठी चालू होती. त्या कोर्टात गेल्या. कंपनीने चूक कबूल केली नाही, पण ९५ लाख डॉलर देऊन तडजोड केली. ते पैसे सुमारे एक लाख पासधारकांत वाटायचे होते. माझ्या मते त्या बाईंचे बरोबर होते. कागदावर दिलेला शब्द हा शब्दच असतो, मग तो पाळण्याचा का असेना.

म्हणजे पासधारकाचा हक्क खराच असतो. तो कशाचा हक्क आहे, एवढेच पाहायचे.

आपल्याकडचे उदाहरण घेऊ. मुंबई आणि पुणे यांच्यामधली डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. (आपली एस. टी.सुद्धा १ जूनचीच, १९४८ सालची. तिच्याकडे मी येणारच आहे.) रोज या गाडीने जाणारे-येणारे पासवाले इतके, की त्यांच्यासाठी वेगळा डबा ठेवावा लागला. त्या डब्यात नवखा माणूस चुकून बसला की त्याला लवकरच कळते की इथे प्रत्येक जागेला मालक आहे. मुंबईच्या लोकल गाडीतली कथा तर आपल्या चाकरमान्यांच्या तोंडून आपण ऐकलीच असेल. एक जण खिडकीशी, तिघे पत्त्यांना, दोघे भजनाला, आणि परक्या माणसाने बाकावरची चौथी सीट मागितली तर सगळ्यांचे चेहरे बदलतात. वास्तविक पासावर गाडीचा वर्ग लिहिलेला असतो, कुठून कुठपर्यंत ते लिहिलेले असते, मुदत लिहिलेली असते. खिडकी कुठेही लिहिलेली नसते. ती माणूस आपल्या मनाने लिहितो.

मी हे कोणाला हिणवायला सांगत नाही. कॉलेजात असताना मीही एस. टी.चा पास काढून जात-येत होतो. उजवीकडची पुढून तिसरी खिडकी माझी, असा माझा ठाम समज होता. एकदा तिथे एक म्हातारी कोंबडीची पाटी घेऊन बसली होती. मी तिच्या डोक्यावर सबंध वाट धुसफुसत उभा राहिलो. उतरताना ती म्हणाली, "बस हां बाबू आता, तुझी जागा राखून ठेवलंय." आजही ती खिडकी दिसली की मला कसेसेच होते.

आता धीराविषयी. रांग लांब आहे म्हणून माणूस चिडतो, हा समज पुरता खरा नाही. किती वेळ लागेल हे कळले आणि मधे कोणी घुसत नाही अशी खात्री असली, तर माणूस पुष्कळ वेळ उभा राहतो. मोठ्या बागांनी हे ओळखले आणि प्रत्येक पाळण्यापाशी "येथून अमुक मिनिटे" अशा पाट्या लावल्या. १९९९ मध्ये डिस्नेच्या बागांत फुकट चिठ्ठीची पद्धत आली. चिठ्ठी घ्या, तिच्यावरच्या वेळेला या, तोवर दुसरीकडे फिरा. २०२१ मध्ये ती फुकट चिठ्ठी गेली आणि जादा पैसे भरून वेगळ्या रांगेतून जाण्याची सोय आली. त्याबरोबर साध्या रांगेतल्या माणसांचा सूर बदलला. पाळणा तोच, वेळही कदाचित तेवढाच. पण शेजारून कोणीतरी पैसे टाकून पुढे जाताना दिसू लागला. पंढरपुरात दर्शनबारीत तासन् तास उभे राहिलेले माणूस कुरकुरत नाही. पण कोणी बडा माणूस बाजूच्या दाराने आत गेला, असे कानावर आले की त्याच बारीत कसा गलका उठतो, हे वारीला गेलेल्यांना ठाऊक आहे.

वारीवरून एक गोष्ट सांगायचा मोह होतो. ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीबरोबर जाणाऱ्या दिंड्यांना क्रमांक असतात. काही रथाच्या पुढे, काही मागे, आणि कोणी कुठे चालायचे हे ठरलेले. पिढ्यान् पिढ्या तोच क्रम. म्हणजे हेही एक प्रकारे पासधारकच, आणि जागेचा अभिमान त्यांनाही असतो. मग तंटा झाला तर? संध्याकाळी तळावर समाज-आरतीला सगळ्या दिंड्या गोळा होतात. चोपदार दंड उंच करतात, आणि एवढा मोठा समाज एकदम गप्प होतो, टाळ थांबतात. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती आपले टाळ वाजवीतच राहते. मग चोपदार तिच्यापाशी जातात, तक्रार ऐकतात, आणि निवाडा झाल्यावरच ते टाळ थांबतात. मला ही रीत फार शहाणपणाची वाटते. सगळे गप्प असताना ज्याचे दुखते त्याचा आवाज ऐकू यावा, अशी ती सोय आहे.

आता आंबोलीला येतो. आमच्याकडे पाऊस वर्षाला सुमारे साडेसात हजार मिलिमीटर, जुन्या मापाने तीनशे इंचांच्या आसपास. जून संपता संपता घाटातले कडे पांढरे होतात. मुख्य धबधबा सावंतवाडीहून वर येताना अगदी रस्त्याच्या कडेलाच आहे. पायऱ्या चढल्या की पाण्याखाली. न फाटक, न पाळणा, न तिकीट काढून बसायची खुर्ची; पण पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी इथे गर्दी मात्र मोठ्या बागेसारखीच. कोल्हापूर, बेळगाव, गोवा, सगळीकडून गाड्या येतात. त्यांच्यावर चहावाल्यांची, कणसे भाजणाऱ्यांची, खोल्या देणाऱ्यांची वर्षाची बेगमी होते, हे विसरून चालणार नाही. पाहुणे येऊ नयेत असे म्हणणारा माणूस आंबोलीत सापडायचा नाही.

पण हा धबधबा ज्या रस्त्याच्या कडेला आहे, तो रस्ता आमचा जाण्यायेण्याचा एकमेव जवळचा रस्ता आहे. गेळे, चौकुळ आणि आंबोलीची मुले खाली सावंतवाडीला शिकायला जातात ती याच घाटाने, एस. टी.चा पास काढून. विद्यार्थ्याला मासिक पासात दोन तृतीयांश सवलत असते. बारावीपर्यंतच्या मुलींना अहिल्यादेवी होळकरांच्या नावाच्या योजनेतून पास फुकट मिळतो. २०२४ च्या जूनपासून पास थेट शाळेत नेऊन देण्याची मोहीमही महामंडळाने काढली. शिक्षकमंडळींना ते माहीत आहे. तर हेही पासधारकच. यांच्यातला कोणी खिडकीवर हक्क सांगत नाही. सकाळी गाडी भरून आली आणि थांब्यावर न थांबता पुढे गेली, तर ही मुले भांडत नाहीत. पास दप्तरात ठेवतात आणि दुसऱ्या गाडीची वाट पाहतात. पहिला तास बुडतो. गैरहजेरी लागते. ती लावणाऱ्यांत मीही आहे.

गेल्या पावसाळ्यातला एक शनिवार. सावंतवाडीहून दुपारच्या गाडीने मी वर येत होतो. गाडीत निम्म्याहून अधिक शाळा-कॉलेजची मुले. दाणोली मागे पडली, घाट सुरू झाला, आणि धबधब्याच्या खाली दोन वळणे असताना गाडी थांबली. पुढे दोन्ही कडांना मोटारी लावलेल्या. मधून एक गाडी जेमतेम जाईल एवढी वाट, आणि तिथे एक मोटार आडवी. पंधरा मिनिटे गेली, अर्धा तास गेला. कंडक्टर छत्री घेऊन खाली उतरला. त्याच्यामागे मीही.

त्या मोटारवाल्याशी कंडक्टर अगदी शांतपणे बोलला. गृहस्थ चांगले शिकलेले, घरची माणसे पाण्यात गेलेली. ते म्हणाले, "अहो, आम्ही काही नवे नाही. पंधरा वर्षं झाली, दर पावसाळ्यात येतो. इथंच गाडी लावतो. आजवर कुणी काही बोललं नाही."

त्यांच्या बोलण्यात उर्मटपणा नव्हता. उलट थोडे दुखावल्यासारखा सूर होता. मला एकदम माझी ती तिसरी खिडकी आठवली.

कंडक्टर म्हणाला, "साहेब, पंधरा वर्षं येताय म्हणूनच सांगतो. ह्या गाडीत पोरं आहेत. त्यांची पुढची गाडी चुकंल."

ते गृहस्थ घुटमळले. मग म्हणाले, "किल्ली मुलाकडे आहे." मुलगा वर, पाण्याखाली. त्याला हाक मारायची तर त्या आवाजात कोणाला काय ऐकू येणार? ते स्वतः पायऱ्या चढून भिजत वर गेले.

मी गाडीत परत आलो. माझ्या मागच्या बाकावर अकरावीतली एक मुलगी होती, चौकुळची. तिला आंबोलीहून चौकुळची गाडी धरायची होती. ती चुकली तर पुढे आठ-दहा किलोमीटर चाल, पावसाचा काळोख, आणि वाटेवर गवे. ती रडत नव्हती. तिने मोबाईल काढून वेळ पाहिली, परत ठेवला, पुन्हा काढला. मला विचारले, "सर, ती गाडी थांबंल?"

मी म्हणालो, "थांबेल." कशाच्या भरवशावर म्हणालो, कोण जाणे.

कंडक्टरने ते ऐकले असावे. त्याने फोन काढला. घाटात कधी लागतो, कधी लागत नाही. त्या दिवशी तिसऱ्या खेपेला लागला. तो एवढेच बोलला, "चौकुळच्या गाडीक जरा थांबव रे. पोरां आसत माझ्याकडे."

मोटार निघायला आणखी वीस मिनिटे लागली. त्या गृहस्थांनी जाताना हात जोडले. आमची गाडी आंबोलीच्या स्टँडवर पोचली तेव्हा दिवे लागलेले होते. चौकुळची गाडी उभी होती. वेळ होऊन बराच वेळ झाला होता. आत बाजारहाट करून परतणाऱ्या बाया, दोन म्हातारे, कोणाच्या मांडीवर झोपलेले पोर. सगळ्या खिडक्या लावून घेतलेल्या, काचा आतून धुरकटलेल्या. मुलगी धावत जाऊन चढली, तिच्यामागून आणखी तिघे. आतून एका बाईचा आवाज आला, "इलंस काय गो? बस, बस."

आणि घंटी वाजली.