पोळा आहे तिथंच आहे



2023 साली पोळा 14 सप्टेंबरला होता, 2024 साली 2 सप्टेंबरला आणि 2025 साली 22 ऑगस्टला. ‘यंदा लवकरच आला बुवा,’ असं वर्ध्याजवळच्या आमच्या नालवाडीत कोणीतरी म्हणतंच. पंचांगाला विचाराल तर तो हललेलाच नाही. तिन्ही वर्षी तीच श्रावणी अमावास्या.

बारा चांद्र महिने साधारण 354 दिवसांत संपतात आणि सूर्याचं वर्ष अकरा दिवसांनी मागे उरतं. ही बाकी फेडलीच नाही, तर पोळा कधीतरी भर उन्हाळ्यात येईल. म्हणून बत्तीस-तेहतीस महिन्यांनी एक अधिक महिना, आपला धोंड्याचा महिना, घालतात. 2023 साली दोन श्रावण होते, 2026 साली दोन ज्येष्ठ. त्यामुळे पोळा पुन्हा सप्टेंबरात.

पेरणी मात्र तिथी पाहून कोणी करत नाही. मिरग सूर्याच्या नक्षत्राचा, दरसाल 7-8 जूनच्या सुमारास लागणारच. पाऊस लागेल की नाही, ते वेगळं! म्हणजे कपाशी सूर्याच्या हिशेबात आणि बैलांचा सण चंद्राच्या. दोघांचा मेळ घालणारा तो धोंडा, आणि त्यालाच आपण शुभकार्याला वर्ज्य ठरवलं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदशेकणी. हळद-तुपानं बैलाचे खांदे चोळून त्याला जेवायचं आवतन द्यायचं. दुसऱ्या दिवशी तोरणाखाली जोड्या उभ्या राहतात, झडत्या रंगतात. त्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सकाळी मारबत गावाबाहेर आणि मग पोरांचा तान्हा पोळा. आपल्या जिल्ह्यात सिंदी रेल्वेचे मोठाले लाकडी नंदी पाहायला लोक लांबून येतात. ट्रॅक्टर आल्यापासून खऱ्या जोड्या विरळ झाल्या. नंदी मात्र वाढताहेत, याचं मला थोडं वाईटच वाटतं.

नालवाडीचा आणखी एक सण आहे. 1932 साली विनोबा इथं राहायला आले, 1934 साली ग्रामसेवा मंडळ निघालं, सूत हीच इथली उपासना झाली. गांधीजींची जयंती तारखेनं 2 ऑक्टोबरला, तिथीनं भाद्रपद वद्य द्वादशीला. तीच चरखा द्वादशी. उत्तरेकडून वर्ध्यात आलेली मंडळी त्याच दिवसाला आश्विन कृष्ण द्वादशी म्हणतात, कारण त्यांचा महिना पौर्णिमेला संपतो. चरखा मात्र दोघांचा एकाच दिवशी फिरतो.

राहता राहिली आपल्या या रेडिओवर सांगितली जाणारी शकाची तारीख. ती 1957 पासूनच्या राष्ट्रीय दिनदर्शिकेची, निव्वळ सौर. 2024च्या पोळ्याला त्या हिशेबानं भाद्रपद 11 होती. तेव्हा आमचा भाद्रपद ऐकून पोळा हुकला असं समजू नका. बैल खुशाल सजवा.